द कॉर्स ऐकायचेत ना, मग ‘ब्रेथलेस’च्या मागे जा

प्रश्न : 2000 साली आम्ही कॉलेजला होतो तेव्हा टीव्हीवर द कॉर्स या आयरिश बँडचं ‘ब्रेथलेस’ सतत लागायचं, तीन बहिणी आणि एक भाऊ, वाळवंटातल्या धावपट्टीवर गाणं. मला अजून तोंडपाठ आहे. पण ऑफिसमधला मित्र म्हणतो यात सेल्टिक, म्हणजे आयरिश लोकसंगीत, वगैरे काही नाही, साधं पॉप आहे, व्हायोलिन नुसतं दाखवायला. खरं काय ते सांगा. (एक वाचक, पुणे)

मित्राचं या एका गाण्यापुरतं बरोबर आहे हो. ‘ब्रेथलेस’ रॉबर्ट जॉन ‘मट’ लँगने या भावंडांबरोबर लिहिलं आणि प्रोड्यूसही त्यानेच केलं, म्हणजे एसी/डीसी आणि शनाया ट्वेनचे रेकॉर्ड करणारा माणूस, त्यामुळे ते घट्ट बांधलेलं रेडिओचं गाणं आहे आणि ब्रिटनमध्ये त्यांचं एक नंबरला गेलेलं ते एकच सिंगल. पण त्या एका गाण्यावरून अख्ख्या बँडला ‘नुसतं दाखवायला’ म्हणणं मला अजिबात पटत नाही.

आधी या भावंडांचं घर बघा, डंडॉकला. डंडॉक हे आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं, उत्तर आयर्लंडच्या सीमेजवळचं गाव. वडील जेरी वीज मंडळात नोकरीला, आई जीन गाणारी, आणि दोघं मिळून गावातल्या पबमधून बँड वाजवायचे, त्यात त्या काळातली हिट गाणीच जास्त. म्हणजे पोरांच्या कानावर लहानपणापासून दोन्ही पडलं, घरातलं पॉप आणि गावातलं आयरिश. शॅरन पाश्चात्त्य शास्त्रीय व्हायोलिन रीतसर शिकलेली, अँड्रिया गाते आणि टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी बासरी, वाजवते, कॅरोलिन ड्रम्स आणि बोधरान (हातात धरायचं आयरिश चर्मवाद्य), जिम गिटार आणि कीबोर्ड. बँड झाला 1990 मध्ये. 1994 ला आयर्लंडमधल्या अमेरिकन राजदूत जीन केनेडी स्मिथ यांनी त्यांना डब्लिनच्या व्हेलन्स पबमध्ये ऐकलं आणि फुटबॉल वर्ल्ड कपच्या वेळी बॉस्टनला वाजवायला बोलावलं, तिथून अमेरिकेची दारं उघडली.

आता पहिला अल्बम काढा, ‘फरगिव्हन नॉट फरगॉटन’, 1995 चा. प्रोड्यूसर डेव्हिड फॉस्टर, म्हणजे पक्का पॉपवाला. तरी गाण्यांच्या मधेमधे छोटे छोटे वाद्यांचे तुकडे आहेत, ‘एरिन शोअर’, ‘द मिन्स्ट्रेल बॉय’, ‘टॉस द फेदर्स’, आणि लोक नेमके तेच पुढे ढकलतात कारण त्यात शब्द नाहीत! ते ढकलू नका. ‘टॉस द फेदर्स’ ही जुनी पारंपरिक रील, म्हणजे आयरिश नाचाची चाल आहे. त्यात व्हायोलिन आणि व्हिसल एकच चाल एकत्र वाजवतात, एक वर एक खाली असं हार्मनीचं काम नाही, आपल्याकडे भजनात पेटी जशी गाणाऱ्याच्या मागोमाग तीच चाल धरून जाते तसं काहीसं. हीच आयरिश पद्धत, चाल सगळ्यांची एक, फक्त प्रत्येकाचे खटके-मुरक्या वेगळ्या. आणि खाली ड्रम्स-गिटार लावलेत ते पॉपचे. माझ्या मते मिश्रण खरं इथे झालंय, कारण चाल मोडलेली नाही, फक्त तिच्याखालची जमीन बदललीय.

मित्राला एकच काम सांगा, 1999 चं एमटीव्ही अनप्लग्ड, म्हणजे अकूस्टिक वाद्यांवरचा कार्यक्रम, ऐक म्हणावं. आयर्लंडमधल्याच आर्डमोर स्टुडिओत झालेलं आहे, ‘टॉस द फेदर्स’ आणि ‘लॉक एरिन शोअर’ दोन्ही आहेत त्यात. वरचा चकचकीतपणा निघाल्यावर काय उरतं ते कळतं, आणि बरंच उरतं.

प्रश्न : कॅरोलिन जे डफासारखं हातात धरून वाजवते ते काय आहे? आणि जिग आणि रील यात फरक कसा ओळखायचा? मी तबला शिकतोय, तिसरं वर्ष. (कोल्हापूर)

ते बोधरान. लाकडी कडं आणि एका बाजूने ताणलेलं, बहुतेक बकरीचं कातडं. दिसायला आपली दिमडी मोठी करून धरल्यासारखं, पण वाजवायची रीत वेगळी. उजव्या हातात एक छोटी काठी असते, दोन्ही टोकांनी वाजणारी, मनगट फिरवून खाली-वर मारायची. खरी गंमत डाव्या हाताची आहे, तो आतल्या बाजूने कातड्याला टेकलेला असतो आणि दाबत-सरकवत सूर खालीवर करतो. तबलावाल्याला हे पटकन कळेल, डग्ग्यावर घिस्सा मारताना मनगटाने जे करतोस त्याचा लांबचा भाऊच तो.

तालाचं तर तुझ्यासाठी अगदीच सोपं. जिग हीसुद्धा नाचाचीच चाल, मोजायची सहा, तीन-तीन. मनात दादरा धर, धा धी ना धा ती ना, आणि लय भरपूर वाढव, बसतंय बघ. रीलमध्ये आठ, ते केरव्यासारखं मोज. तंतोतंत तेच असं म्हणत नाही, कारण त्यांचा जोर कुठे पडतो आणि झोका कसा येतो ते ऐकूनच अंगात येतं, पण मोजायला हे धरलंस तर हरवणार नाहीस. चालीचे सहसा दोन भाग, प्रत्येक भाग आठ बारचा (आवर्तनांचा) आणि दोनदा वाजवायचा, मग परत पहिल्यापासून. दोन-तीन वेळा झालं की न थांबता दुसरी चाल जोडतात. ती उडी येते ना, तो क्षण मला सगळ्यात आवडतो!! अंगावर काटा येतो अजून.

प्रश्न : एन्या आणि द कॉर्स एकाच घरातले का? आमच्या घरी यावरून वाद चालू आहे. (ठाणे)

नाही. गोंधळ होतो कारण दोन्हीकडे भावंडांचा बँड. एन्या ही आयरिश गायिका, आयर्लंडच्या डोनेगल भागातल्या ग्वीडोरची, तिथे घराघरात आयरिश भाषा बोलतात. तिच्या घरच्यांचा बँड क्लॅनड, दोन भाऊ, एक बहीण आणि दोन जुळे मामा. एन्या 1980 ते 82 त्यांच्यात होती मग स्वतंत्र झाली. क्लॅनडचं ‘हॅरीज गेम’ या टीव्ही मालिकेचं थीम 1982 मध्ये ब्रिटनच्या यादीत पाचव्या नंबरवर गेलं, तेही आयरिश भाषेतलं, त्या काळात ही केवढी गोष्ट! त्यांनी मिश्रण आवाजातून केलं, एकावर एक थर चढवलेले आवाज आणि सिंथेसायझर, धुक्यासारखं. कॉर्सनी नाचाची चाल धरली. मला दोन्ही हवेत, पण सकाळी कॉर्स आणि रात्री क्लॅनड.

प्रश्न : मुलगी 12 वर्षांची, चार वर्षं पाश्चात्त्य व्हायोलिन शिकतेय, परीक्षा देते, पण आता कंटाळलीय. शॅरन कॉरचे व्हिडिओ बघून म्हणते मला असं वाजवायचंय. सर नाही म्हणतात, हात बिघडेल म्हणे. काय करू? (नाशिक)

ताई, वाजवू द्या. शॅरन स्वतः शास्त्रीय शिकून आलेली आहे, आणि आयरिश लोकसंगीतातलं फिडल म्हणजे वेगळं वाद्य नव्हे, व्हायोलिनच. सरांची काळजी मी समजू शकतो, काही फिडलवाले बो (गज) वेगळा धरतात आणि परीक्षेच्या महिन्यात ते नकोच, पण तिला बो धरणं बदलायची गरजच नाहीये. आठवड्यातून दोन दिवस अर्धा तास ठेवा, बस.

एक अट मात्र पाळा, नोटेशन समोर ठेवू नका. ही चाल कानाने उचलायची असते, एक ओळ ऐकायची, गुणगुणायची, मग तारेवर शोधायची, आपल्याकडे गुरुजी समोर बसून शिकवतात तसंच. डी आणि जी स्केलमधल्या पुष्कळ चाली आहेत, पहिल्या पोझिशनमध्येच बोटं बसतात. सुरुवात ‘लॉक एरिन शोअर’पासून करा कारण ती संथ आहे, रील नंतर. नाहीतर पोरं थेट वेगावर जातात आणि चाल चिरडते.

आणि तिला 2005 चा ‘होम’ अल्बम ऐकवा. कॉर भावंडांची आई जीन नोव्हेंबर 1999 मध्ये गेली, फुप्फुसाच्या प्रत्यारोपणाची वाट बघत होती. ‘होम’ची बरीच गाणी तिच्या जुन्या गाण्याच्या वहीतली आहेत, दोन तर आयरिश भाषेत, ‘बुआखिल ऑन एर्ना’ आणि ‘ब्रीद ओग नी वॉल्या’. मी व्हायोलिन ऐकायचं म्हणून लावला आणि आईची वही डोळ्यासमोर आली, तेव्हापासून तो माझा सगळ्यात जास्त ऐकलेला अल्बम आहे. त्यातली ‘हेस्ट टू द वेडिंग’ ही जिग तिला सहा महिन्यांनी नक्की जमेल. जमली की रेकॉर्ड करून पाठवा, मला ऐकायचीय.