गुहागरच्या किनाऱ्यावरून काल रात्री मोठी उल्का फुटताना दिसली. कुठे कळवायचं आणि काय सांगायचं?

इंटरनॅशनल मीटिअर ऑर्गनायझेशनच्या संकेतस्थळावर फायरबॉल, म्हणजे शुक्रापेक्षा तेजस्वी उल्का, कळवायचा फॉर्म आहे. भारतातूनही भरता येतो. पण त्याआधी आज उजेड असतानाच, काल जिथे उभे होतात तिथेच परत जाऊन उभे राहा.

डोळे दिपले, अंगावर काटा आला, हे सगळं खरं असलं तरी कामाचं आहे ते कुठे दिसली आणि कुठे विझली. कुठल्या माडाच्या, कुठल्या दिव्याच्या अंगाला, ते आठवा आणि मोबाईलच्या होकायंत्रावर दिशा घ्या. उंचीसाठी हात ताठ पुढे करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश. क्षितिजापासून मुठीवर मूठ रचत वर जायचं. समुद्रामुळे आपल्याला पश्चिमेचं क्षितिज स्वच्छ मिळतं, घाटावरच्यांच्या नशिबी ते नाही! मी एकदा जेमिनिड्सच्या, म्हणजे डिसेंबरातल्या उल्कावर्षावाच्या, रात्री जेटीवर होतो, तेव्हा एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, दीपगृहापासून बोट सरकवत उल्केची वाट जशी दाखवली तशी मला सांगता आली नसती. काल कोणी होडीवर होतं का, चौकशी करा.

'समोरच समुद्रात पडली' असं मात्र लिहू नका. जवळ पडल्यासारखी सगळ्यांनाच वाटते. उल्का साधारण 80 ते 100 किलोमीटर उंचीवर पेटते. क्षितिजापासून एकच मूठ वर दिसली तर ती तुमच्यापासून 400 किलोमीटरच्या आसपास असू शकते. म्हणून आवाजही लगेच येत नाही, 40 किलोमीटरवरून यायला जवळपास दोन मिनिटं लागतात. आलाच नसेल तर तसं लिहा.

किती सेकंद दिसली? अर्धा मिनिटभर, संथपणे, तुकड्यांची रांग जाताना दिसली असेल तर उल्केपेक्षा खाली कोसळणाऱ्या रॉकेटच्या तुकड्यांचा संशय घ्या. 2 एप्रिल 2022 ला महाराष्ट्रभर दिसलं ते तसंच होतं. नंतर चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात धातूचं मोठं कडं सापडलं.

आसपासच्या लॉजचं सीसीटीव्ही आजच मागा, जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. कॅमेऱ्याचं घड्याळ बहुधा मागेपुढे असतं, मोबाईलशी ताडून फरक टिपून ठेवा. एका जागेवरून फक्त दिशा आणि अंश कळतात, किती किलोमीटर उंचीवर होती ते काढायला दुसरी जागा लागते. तेव्हा कोल्हापूर-गोव्याकडच्या कोणी पाहिली असेल, तर तुमची हकीकत ऐकवण्याआधी त्यांना त्यांचा फॉर्म भरू दे.