आयटीआय वेल्डर झालंय, अनुभव शून्य, गोव्यात पहिला जॉब कुठे मिळेल?

सर्टिफिकेट बघून कोणी नोकरी देत नाही रे, हातात होल्डर देतात आणि म्हणतात मार बघू एक रन, म्हणजे वेल्डची एक सलग रेघ, त्यामुळे आधी हात बसव. आयटीआयमध्ये बहुतेक फ्लॅटच जास्त मारलेलं असतं, पण टेस्टला उभी प्लेट म्हणजे 3जी लावली की नवीन पोरांचा माल खाली ओघळतो आणि कडेला अंडरकट म्हणजे खाच पडते, तेच नेमकं बघतात ते.

गोवा शिपयार्डवर डायरेक्ट डोळा ठेवू नकोस, पण त्यांची अप्रेंटिसची जाहिरात येते ती सोडूही नकोस, सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव आजच टाक. स्टायपेंड कमी असतो पण पुढे तोच अनुभव दाखवता येतो. तोपर्यंत वेर्णा नाहीतर कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये सकाळी लवकर जाऊन गेटवर विचार, बायोडाटा मेल करून कोण वाचतं. बार्ज म्हणजे मालवाहू बोटींच्या रिपेअरच्या यार्डात कॉन्ट्रॅक्टर हेल्पर म्हणून घेतात, सुरुवातीला ग्राइंडिंग, स्लॅग म्हणजे वेल्डवरची खपली झोडणं, टॅक म्हणजे तुकडे धरायला छोटे ठिपके मारणं एवढंच मिळेल, तोंड वाकडं करू नकोस, जेवणाच्या सुट्टीत उरलेल्या तुकड्यांवर प्रॅक्टिस करू देतात का ते मात्र पहिल्याच दिवशी विचार.

गेट-ग्रिलच्या दुकानात पटकन काम मिळतं, पण तिथे 6013 च्या म्हणजे हलक्या कामाच्या रॉडवरच अडकशील, यार्डात मजबूत जोडाचा 7018 लागतो. आणि वेल्डिंग करताना डोळ्यांसमोर धरायची काळी काच स्वतःची घे, दुकानातली ओरखडे पडलेली असते, जोडाची रेघच दिसत नाही.