जर्सीवरचं नाव आणि चौथी सीट

प्रश्न : मी डोंबिवलीची. सध्या लेकीकडे ओहायोतल्या टोलेडो शहरात आले आहे. जावई दर शनिवारी 'टोलेडो वॉलआय' या आइस हॉकी संघाच्या मॅचला नेतात. नातवाने हट्ट करून एका खेळाडूच्या नावाची महागडी जर्सी घेतली आणि पंधरा दिवसांत तो खेळाडूच दिसेनासा झाला. आदल्याच मॅचमध्ये त्याने दोन गोल केले होते. मग त्याला का काढलं? आणि मारामारी सुरू झाली की पंच नुसते बघत का उभे राहतात?
— एक आजी

उत्तर : ताई, दोन गोल केले म्हणूनच गेला तो! वरच्या संघाने बोलावून घेतला असणार.

तुम्ही पाहताय ती ईसीएचएल ही व्यावसायिक हॉकी लीग. तिच्या वरची लीग एएचएल आणि सगळ्यात वरची एनएचएल. वॉलआयशी जोडलेले, इथून खेळाडू उचलणारे वरचे दोन संघ म्हणजे मिशिगनमधला ग्रँड रॅपिड्स ग्रिफिन्स आणि इथून तासाभरावरचा डेट्रॉईट रेड विंग्ज. तुम्ही डोंबिवलीच्या, तेव्हा लोकलच्या भाषेत सांगते. खिडकीतली बाई उतरली की सगळ्या एकेक जागा सरकतात आणि उभी असलेली चौथ्या सीटवर टेकते. डेट्रॉईटचा गोलकीपर जायबंदी झाला की ग्रँड रॅपिड्सचा तिकडे, टोलेडोचा ग्रँड रॅपिड्सला, आणि टोलेडोचे प्रशिक्षक सकाळपासून फोनला चिकटलेले, कारण संध्याकाळी सात वाजता जाळीपुढे कोणीतरी उभं करायलाच हवं.

मी टोलेडोत नोकरी केली, निवृत्तही इथेच झाले, आणि हंगामाचं तिकीट आजही सोडलेलं नाही. माझ्या मागच्या रांगेतले गृहस्थ आत शिरल्या शिरल्या संघाची यादी उघडतात आणि मोठ्याने वाचतात: हा गेला, हा आला, हा कोण बुवा? निम्मी करमणूक तिथेच. गुणतक्ता ते नंतर बघतात.

या लीगमधल्या बहुतेक मुलांना आठवड्याच्या हिशोबाने पगार मिळतो, राहायची सोय संघ करतो. सगळ्यांची नजर वर. सेबॅस्टियन कोसाचंच घ्या. सहा फूट सहा इंचांचा गोलकीपर. २०२१ मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत डेट्रॉईटने त्याला पहिल्या फेरीत, पंधराव्या क्रमांकावर निवडलं. तरी २०२२-२३ चा बराचसा हंगाम तो इथेच, आपल्या टोलेडोत खेळला. डिसेंबर २०२४ मध्ये बफेलोत डेट्रॉईटच्या मॅचमध्ये मधूनच त्याला उतरवलं आणि पहिल्याच सामन्यात तो शूटआउट (बरोबरी झाल्यावर एकेकाने गोलकीपरसमोर येऊन मारायचे फटके) जिंकून आला. इथल्या लोकांना काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण याची किंमत संघ मोजतो. ऑक्टोबर ते एप्रिल ७२ सामने, बरेचसे शुक्रवार, शनिवार, रविवार असे ओळीने, कारण प्रेक्षक सुट्टीलाच येतात. त्यात चांगली मुलं वर उचलली जातात. २०२१-२२ मध्ये वॉलआय साखळीत लीगमध्ये पहिला होता, अंतिम फेरीत फ्लोरिडाकडून हरला. अंतिम फेरीतच २०१९ ला कॅनडातल्या न्यूफाउंडलंडने हरवलं, २०२५ ला तिथल्याच त्र्वा-रिव्हिएरने. बरं, तो न्यूफाउंडलंडचा संघ पहिल्याच हंगामात विजेता झाला आणि एप्रिल २०२४ मध्ये हंगाम संपायच्या आत लीगने त्याचं सदस्यत्वच रद्द केलं. इथे खेळाडूच काय, अख्खे संघ उठून जातात. टोलेडोतही आधी 'स्टॉर्म' होता. १९९३ आणि १९९४ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवलेला. २००७ नंतर तो नाही.

आता मारामारी. पायात धारदार पाती, हातमोजे फेकलेले, ठोसे चाललेले; अशा वेळी मध्ये घुसणाऱ्या पंचाचंच नाक फुटायचं. म्हणून एक जण खाली पडेपर्यंत किंवा दोघं दमेपर्यंत ते थांबतात, मग दोघांना पाच-पाच मिनिटं बाहेर बसवतात. दोन्हीकडचा एकेक गेला की दोन्ही संघ बदली खेळाडू उतरवतात, बर्फावर पुन्हा पाच विरुद्ध पाच. फोर्ट वेन, कॅलमझू हे शेजारच्या शहरांचे संघ हंगामात पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यामुळे जुनी उधारी भरपूर. मला हा प्रकार आवडत नाही. उभी राहून बघते मात्र.

तुम्ही रविवारची, म्हणजे ओळीतली तिसरी मॅच एकदा बघाच. शेवटच्या वीस मिनिटांत पाय जड झालेले असतात, पक, म्हणजे ती रबरी चकती, हलवायला उशीर होतो, खेळाडू बाकावर परतताना वाकलेले दिसतात. कोणाच्या अंगात काय आहे ते शनिवारपेक्षा तेव्हा कळतं. कोपऱ्यातली, काचेजवळची जागा घ्या. स्वेटर न्या, आत गारठा असतो.

जर्सी टाकू नका. वर गेलेली मुलं खालीही येतात. पुढची घ्याल तेव्हा पाठीवर नातवाचंच नाव घालून घ्या, तसं करून मिळतं.

आणि परतीचं तिकीट कधीचं आहे? मार्च-एप्रिलमध्ये मॉमी नदीत वॉलआय मासे अंडी घालायला वर चढतात, कमरेएवढ्या पाण्यात गळ टाकून माणसं उभी असतात, आणि मग एप्रिलमध्ये बाद फेरी सुरू होते, सातपैकी चार जिंकायचे. इथे राहायच्या परवानगीच्या मुदतीत बसत असेल तर मुक्काम तेवढा लांबवा. बसत नसेल तर मुकाट्याने विमानात बसा. निकाल जावई कळवतीलच.