रेफर चिठ्ठी नसली तर कार्ड चालत नाही का?

प्रश्न : आमचं गाव खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला. आईच्या हार्टचं ऑपरेशन सांगितलंय म्हणून बेळगावच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं, बीपीएल कार्ड दाखवलं तर काउंटरवरनंच "रेफर लेटर आणा" म्हणून माघारी लावलं. आता काय करायचं ओ?

उत्तर : कर्नाटकच्या आयुष्मान योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंत उपचार मिळतात, पण आधी सरकारी दवाखाना. तिथं ते ऑपरेशन होत नसेल तर तेच चिठ्ठी देऊन दुसऱ्या दवाखान्यात रेफर करतात, म्हणजे पाठवतात. म्हणजे रिपोर्टची फाईल, आईचं आधार आणि रेशनकार्ड घेऊन थेट बेळगावच्या सिव्हिलला, म्हणजे बिम्स या सरकारी दवाखान्याला जा, आणि चिठ्ठीवर नाव आधारसारखंच लिहिलंय का ते तिथंच बघून घ्या, कन्नड वाचता येत नसेल तर रांगेतल्या कुणालाही विचारा, लोक सांगतात की. मधेच छातीत कळ आली तर मात्र चिठ्ठीच्या मागं लागू नका, १०८ ला फोन करा, इमर्जन्सीला ती लागत नाही. आणि हो, २०२३ ला महाराष्ट्रानं आपली महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना द्यायचं ठरवलं, कर्नाटकनं हरकत घेतली. त्या भांडणात पडून आईचं ऑपरेशन लांबवू नका.