चार्जर आहे, पण चालू आहे का?

प्रश्न : जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. पार्किंगमध्ये घरच्या मीटरवरून इलेक्ट्रिक गाडी चार्ज करता येईल का?

उत्तर : येईल. मात्र मंजूर भार (आपल्या जोडणीला किती वीज ओढण्याची परवानगी आहे ते) तपासून सोसायटीला लेखी कळवावे आणि मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र वायर, एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) व चोख अर्थिंग करून घ्यावे. गॅलरीतून सोडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावू नये. १५ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला सुमारे ३ युनिट मिळतात. ३० युनिटची बॅटरी भरायला एक रात्र पुरते.

प्रश्न : पुण्याला जाताना ॲपमध्ये चार्जर दिसतात, प्रत्यक्षात काही बंद असतात. असे का?

उत्तर : यंत्र बसवणे सोपे, ते चालते ठेवणे अवघड. ६० किलोवॉटच्या जलद चार्जरवर दिवसाला ५ गाड्यांनी प्रत्येकी २५ युनिट घेतले, तर खप होतो १२५ युनिटांचा. पूर्ण क्षमतेने चालल्यास एवढी वीज दोन-सव्वादोन तासांतच दिली जाते. बाकी वेळ यंत्र नुसते उभे, पण वीजबिलातील स्थिर आकार, जागाभाडे आणि कर्जाचे हप्ते काही थांबत नाहीत. मग गन (गाडीला जोडायचा चार्जरचा प्लग) बिघडली की दुरुस्ती लांबणीवर पडते. इलेक्ट्रिक वाहनांसाठीच्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. माझ्या मते अनुदानाचा मोठा हिस्सा यंत्र वर्षभर किती तास चालू राहिले हे पाहूनच द्यायला हवा. तोवर आपण सावध राहावे : बॅटरी निम्मी असतानाच थांबावे, म्हणजे एक चार्जर बंद निघाला तरी पुढचा गाठता येतो.

प्रश्न : मोहोळजवळ महामार्गालगत माझे हॉटेल आहे. स्वस्तातला एसी चार्जर लावू का?

उत्तर : मुक्कामाची सोय असेल तरच. एसी चार्जर म्हणजे संथ चार्जर; ७ किलोवॉटच्या अशा यंत्रावर पाऊण तासाच्या जेवणात जेमतेम ५ युनिट भरतात, म्हणजे तीस-पस्तीस किलोमीटरची बेगमी. तेवढ्यासाठी पुण्या-हैदराबादचा प्रवासी गाडी वळवणार नाही. त्याला सीसीएस-२ गनचा (जलद चार्जिंगच्या प्रमाणित प्लगचा) डीसी, म्हणजे जलद चार्जरच हवा. चार्जिंग स्थानकाला वीजवितरणाचा परवाना लागत नाही, हे केंद्राने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. खरी अडचण रोहित्राची (ट्रान्सफॉर्मरची) : जवळच्या रोहित्रावर वाढीव भार बसतो का, हे महावितरणकडून लेखी घेतल्याशिवाय यंत्राची आगाऊ रक्कम देऊ नका. नवे रोहित्र स्वखर्चाने बसवावे लागले, तर सगळा हिशेबच बदलतो.

प्रश्न : मे महिन्यातील उन्हात चार्जिंग मंदावते. बिघाड समजावा का?

उत्तर : नाही. बॅटरी तापली की गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते. लांबून आल्यावर गाडी सावलीत थोडी निवू द्यावी, शक्यतो रात्रीच चार्जिंगला लावावी.