बँकेत म्हणजे 'इन', 'ॲट' की 'फॉर'?

प्रश्न : 'मी बँकेत काम करतो' हे इंग्रजीत सांगताना कोणी 'वर्क इन' म्हणतं, कोणी 'वर्क ॲट', कोणी 'वर्क फॉर'. यातलं बरोबर कोणतं?

उत्तर : तिन्ही बरोबर, पण तिन्हींचा अर्थ एक नाही. घोळ होतो तो आपल्या 'त'मुळे. बँकेत, लष्करात, हिशेब खात्यात, शिक्षणक्षेत्रात... इमारत असो, संस्था असो की क्षेत्र, मराठीत एका अक्षरात भागतं. इंग्रजीत आपल्याला नेमकं काय सांगायचंय ते आधी ठरवावं लागतं.

पगार कोण देतं हे सांगायचं तर 'फॉर'. कामाचं ठिकाण सांगायचं तर 'ॲट'. खातं, क्षेत्र किंवा जागेचा प्रकार सांगायचा तर 'इन' : 'इन अकाउंट्स', 'इन मार्केटिंग', 'इन अ बँक'. बँकेच्या दाराशी उभा असलेला सुरक्षारक्षक घ्या. दिवसभर तो तिथेच असतो, पण त्याचा पगार एजन्सी देते. म्हणून 'ही वर्क्स ॲट द बँक' हे खरं, आणि 'ही वर्क्स फॉर द बँक' म्हटलं की चूक. कंपनीचं नाव घेऊन बोलताना मात्र 'ॲट' आणि 'फॉर' बहुतेक वेळा एकमेकांच्या जागी चालतात; तिथे फार कीस काढू नये.

'इन'पुढचा 'अ' किंवा 'द' गाळण्याची सवय जास्त महागात पडते. 'ही वर्क्स इन हॉस्पिटल' यात नुसती व्याकरणाची चूक दिसते. पण 'वर्क्स' काढून 'ही इज इन हॉस्पिटल' म्हणालात, तर ब्रिटिश इंग्रजीत तो तिथे दाखल आहे असा अर्थ होतो. 'प्रिझन'चं तर विचारूच नका : 'ही इज इन प्रिझन' म्हटलं की तुरुंगाधिकारी थेट कैदी होतो! अशा ठिकाणी क्रियापद आणि 'अ' दोन्ही ठेवा : 'ही वर्क्स इन अ प्रिझन'.

प्रश्न : 'इन चार्ज ऑफ' आणि 'इन द चार्ज ऑफ' यांत फरक काय? एका 'द'ने एवढं काय बिघडतं?

उत्तर : कोण कोणाला सांभाळतं, तेच उलटतं. 'द नर्स इज इन चार्ज ऑफ द वॉर्ड' म्हणजे वॉर्ड नर्सच्या ताब्यात. 'द वॉर्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स' याचाही अर्थ तोच, फक्त कर्ता बदलला. पण पहिल्या वाक्यात उगाच 'द' घातलात, तर नर्स वॉर्डाच्या ताब्यात जाते. बायोडेटात स्वतःबद्दल लिहिताना 'द' नको.

'रिस्पॉन्सिबल'चं गणितही असंच आहे. कामासाठी 'फॉर', वरिष्ठासाठी 'टू'. 'आय ॲम रिस्पॉन्सिबल टू द मॅनेजर फॉर द स्टॉक' या एका वाक्यात दोन्ही येतात. 'हाताखाली'साठी 'अंडर' बरोबर आहे, मात्र त्यापुढे माणूस येतो, कंपनी नव्हे. 'आय वर्क अंडर अ कंपनी' हे कानाला खटकतं. कंपनीला 'फॉर'च लावा.

प्रश्न : 'इंजिनिअर म्हणून काम करतो' याला 'लाइक ॲन इंजिनिअर' चालेल का?

उत्तर : नाही. 'लाइक' म्हणजे 'सारखा', म्हणजे तुम्ही इंजिनिअर नाही, नुसतं त्याच्यासारखं काम करता. 'म्हणून'साठी 'ॲज ॲन इंजिनिअर'. यातला 'ॲन' सोडू नका. पद एकच असेल तर तो गाळता येतो : 'ॲज प्रिन्सिपल ऑफ द कॉलेज'. आणि 'इंजिनिअर बाय प्रोफेशन' लिहायचं ते पेशा एक आणि सध्याचं काम दुसरंच असेल तेव्हा. एरवी 'आय ॲम ॲन इंजिनिअर' पुरे.