तिसरा मजला आणि थकलेले मायटोकॉन्ड्रिया

प्रश्न : डॉक्टर, वय ६८, बँकेतून रिटायर. बीपी-शुगर नॉर्मल, तरी लिफ्ट बंद असली की तिसऱ्या मजल्यापर्यंत मांड्या भरून येतात. नातू बारावीला आहे, म्हणतो आजोबा तुमचे मायटोकॉन्ड्रिया एक्स्पायर झाले. खरंच असं होतं का? मुलाने त्यासाठी महागड्या कॅप्सूल आणल्यात, घेऊ का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी एक सांगा, चढताना छातीत दाटतं का, धाप लागते का? तसं असेल तर हे वाचणं सोडा आणि हार्ट तपासून घ्या. नुसत्या मांड्याच भरत असतील तर नातू निम्मा बरोबर आहे.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतले ऊर्जा तयार करणारे छोटे कारखाने. त्यांचा स्वतःचा छोटा गोल डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा, आईकडून आलेला. वर्षानुवर्षं त्याच्या कॉप्या निघत राहतात, कधी मधला तुकडाच गळतो आणि गंमत म्हणजे हीच तुटकी कॉपी काही ठिकाणी वाढत वाढत चांगल्यांना मागे टाकते. म्हाताऱ्या स्नायूचा पातळ काप रंगवून मायक्रोस्कोपखाली बघितला तर तपकिरी तंतूंच्या गर्दीत मधेच एखादा निळा दिसतो, त्या जागी ऑक्सिजन वापरणारं एन्झाइम बंद पडलेलं असतं. उंदरांमध्ये तर नेमक्या त्याच जागी तंतू बारीक होऊन तुटलेला दिसलाय. पण असे निळे तंतू थोडेच असतात हो, सगळा दोष त्यांच्या माथी मारता येत नाही. मायटोकॉन्ड्रिया एकूणच कमी होतात, खराब झालेले साफ करायचं कामही मंदावतं, आणि यातलं बरंचसं वयापेक्षा बसून राहण्यामुळे. प्लास्टर काढल्यावर तरुण पोराचा पाय कसा काडीसारखा दिसतो ते बघितलंच असेल.

२०१७ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकने ६५ ते ८० वयाच्या लोकांना १२ आठवडे इंटरव्हल ट्रेनिंग दिलं, म्हणजे सायकलवर ४ मिनिटं जोरात मग ३ मिनिटं हळू, असं चार वेळा. त्यांच्या मायटोकॉन्ड्रियाची क्षमता ६९ टक्क्यांनी वाढली, हेच ट्रेनिंग घेतलेल्या तरुणांची ४९! नुसती वजनं उचलणाऱ्यांची ताकद वाढली पण हा फायदा तितका मिळाला नाही.

तुम्ही एकदम सायकलवर चढू नका. आठवडाभर एक मजला पायी, मग दोन, आणि सपाटीवर मिनिटभर भराभर, दोन मिनिटं रमत. आठवड्यातून दोनदा खुर्चीतून हात न टेकता उठबस. कॅप्सूलचं सील फोडलं नसेल तर दुकानात परत घेतात का बघा, त्या पैशात चालायचे चांगले बूट येतील.